दुर्मिळतेची नीती : टपाल तिकीट आणि बेसबॉलचे कार्ड

१

संग्रहवृत्तीचा विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. मानसशास्त्राच्या अंगाने पाहणारा तीत अपुरेपणाची भरपाई शोधतो, तर अर्थशास्त्राच्या अंगाने पाहणारा तीत मागणी आणि पुरवठा यांच्या नियमाचे एक विक्षिप्त उदाहरण पाहतो. दोन्ही दृष्टींना आपापले बळ आहे. परंतु संग्राहकाच्या व्यवहारात एक तिसरा, नैतिक स्वरूपाचा प्रश्न दडलेला आहे, आणि तो ह्या दोन्ही दृष्टींच्या हाती लागत नाही. तो असा : ज्या वस्तूचा मूळ उपयोग संपलेला आहे, तिच्या दुर्मिळतेविषयी खरे आणि खोटे असा भेद करता येतो काय? करता येत असेल तर तो कशाच्या आधारावर?

हा प्रश्न तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात टपाल तिकिटांचा आणि अमेरिकेतील बेसबॉल-कार्डांचा असे दोन संग्रह शेजारी ठेवले आहेत. पहिला छंद जगभर पसरलेला, राजेरजवाड्यांनी मिरवलेला. दुसरा एका देशाच्या एका खेळाशी जखडलेला आणि दीर्घ काळ पोरखेळ मानला गेलेला. तरीही दोहोंची घडण इतकी सारखी आहे, की एकातील गुंता दुसऱ्याच्या साहाय्याने उलगडता येतो. पुष्कळदा संग्राहकही तेच असतात. वस्तूंनीही एकमेकींची सीमा ओलांडलेली आहे : टॉप्स ह्या च्युइंगगम-कंपनीने १९६१ आणि १९६२ साली कार्डांबरोबर बेसबॉलपटूंची चिकटवायची ‘तिकिटे’ काढली, जी कोणत्याही पत्रावर चालणार नव्हती, आणि अमेरिकी टपालखात्याने २००० साली वीस बेसबॉलपटूंची तिकिटे एकाच पत्र्यावर छापली, जी पत्रावर चालत असली तरी पत्रासाठी क्वचितच विकत घेतली गेली असतील.

२

दोन्ही वस्तूंचे मूळ अगदी गद्य आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये निघालेले ‘पेनी ब्लॅक’ हे पहिले टपाल तिकीट म्हणजे हशील आगाऊ भरल्याची पावती होती. बेसबॉलचे कार्ड १८८०च्या दशकात सिगारेटच्या पाकिटात आले, ते मऊ पाकीट ताठ राहावे आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच छापाकडे वळावे म्हणून. एक पावती आणि एक पुठ्ठा. दोहोंच्या दर्शनी भागावर चेहरा होता; पण तो चेहरा पाहण्यासाठी कोणी पैसे मोजत नव्हते. मोजले जात होते ते पत्र पोचण्यासाठी आणि तंबाखूसाठी.

वाल्टर बेन्यामिनने १९३१ साली आपल्या ग्रंथसंग्रहावर जो निबंध लिहिला, त्यात आणि पुढील टिपणांत संग्राहकाविषयीचा एक महत्त्वाचा विचार आहे : संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या वेठीतून सोडवतो. टपाल तिकीट पत्रावरून सोडवणे आणि कार्ड पाकिटातून काढून जपणे ह्या दोन्ही क्रियांना हे वर्णन लागू पडते. मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. तिकीट वापरले गेले, की त्यावर शिक्का बसतो. तिकीट म्हणून ते मरते आणि त्याच क्षणी दस्तऐवज म्हणून जन्मते. कोणत्या गावाहून, कोणत्या दिवशी ते निघाले हे त्या शिक्क्याने कळते. कार्डाला असा शिक्का नसतो. त्याचा वापर म्हणजे मुलांच्या हातांत फिरणे, भिंतीवर टिचकीने उडवले जाणे, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत अडकवून फडफडवले जाणे. ह्या वापराची खूण म्हणजे झिजलेले कोपरे. आणि झिजलेला कोपरा कोणत्याही तारखेची साक्ष देत नाही.

चेहऱ्यांतही असाच भेद आहे. अमेरिकी टपालखात्याच्या संकेतानुसार हयात व्यक्तीला तिकिटावर स्थान नाही. कार्ड मात्र खेळाडू मैदानावर असतानाच निघते. खरे तर त्याच्या पहिल्याच वर्षाच्या कार्डाला सर्वाधिक भाव येतो. कार्ड ही भविष्यावर लावलेली पैज आहे, तिकीट हा भूतकाळावर दिलेला निकाल.

आणि तरीही दोहोंचा एक समान, काहीसा हास्यास्पद शत्रू आहे : चिकटपणा. ज्या वस्तूला आपण डिंक म्हणतो तिला आणि ज्याला च्युइंगगम म्हणतो त्याला इंग्रजीत एकच शब्द आहे. कोऱ्या तिकिटाच्या पाठीवरील डिंक अखंड हवा, त्यावर वहीत चिकटवल्याची खूण नको, असा तिकीटसंग्राहकांचा आग्रह असतो. जी बाजू कोणी पाहणार नाही, तिच्यावर किंमत ठरते. उलट कार्डाबरोबर येणाऱ्या च्युइंगगमच्या वडीचा डाग पडतो म्हणून संग्राहक तक्रार करू लागले, आणि १९९०च्या दशकाच्या प्रारंभी टॉप्सने आपल्या कार्डांच्या पाकिटातून ती वडीच काढून टाकली. जो माल विकण्यासाठी कार्ड जन्माला आले होते, तो मालच आता कार्डाच्या शुद्धतेतील अडथळा ठरला.

३

आता दुर्मिळतेकडे वळू. दोन्ही क्षेत्रांतील सर्वांत प्रसिद्ध वस्तू पाहिल्या तर त्यांच्या दुर्मिळतेची तीन कारणे दिसतात : प्रमाद, नकार आणि नाश.

प्रमादाचे उदाहरण तिकिटांत सर्वपरिचित आहे. १९१८ साली अमेरिकेने विमानटपालासाठी २४ सेंटांचे तिकीट काढले. मधले विमान वेगळ्या रंगात, वेगळ्या खेपेत छापले जात होते. १४ मे रोजी वॉशिंग्टन येथील टपालकचेरीत विल्यम रोबी ह्या गृहस्थाने २४ डॉलरांना शंभर तिकिटांचा एक पत्रा घेतला. त्यावरील प्रत्येक विमान उलटे होते. काही दिवसांतच त्याने तो पत्रा १५,००० डॉलरांना विकला. पाठचिकित्सेचा अभ्यास करणाऱ्यास ह्यात नवल वाटू नये. हस्तलिखितांची वंशावळ लावताना आपणही शुद्ध पाठापेक्षा लेखनिकाच्या चुकीवरच अधिक विसंबतो. कारण शुद्ध पाठ कोणाच्याही हातून येऊ शकतो, चूक मात्र विशिष्ट हाताची, विशिष्ट क्षणाची असते.

नकाराचे उदाहरण कार्डांत आहे. १९०९ ते १९११ ह्या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या संचात पिट्सबर्गचा श्रेष्ठ खेळाडू होनस वॅग्नर याचे कार्ड होते. ते थोडेच छापले जाऊन थांबले, कारण वॅग्नरने संमती नाकारली. आपल्या चित्रापायी मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये अशी त्याची इच्छा होती, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मोबदल्याचा प्रश्न होता, असे दुसरे. परिणाम एकच : त्याच संचातील इतर कार्डे विपुल, हे मात्र शंभराहून कमी उरलेले. २०२२ साली ह्या कार्डाची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरांना विकली गेली. बाजाराला दिलेला नकार हीच बाजारातील सर्वांत महाग गोष्टींपैकी एक ठरावी, ह्यातील उपरोध वेगळा सांगायला नको.

नाशाची उदाहरणे दोन्हीकडे आहेत. १८५६ सालचे ब्रिटिश गियानाचे एक सेंटाचे किरमिजी तिकीट १८७३ साली तेथील एका बारा वर्षांच्या मुलाला घरातील जुन्या कागदांत सापडले. त्याची दुसरी सर्वमान्य प्रत आजवर पुढे आलेली नाही. टॉप्सच्या १९५२च्या संचातील शेवटची कार्डे हंगाम संपल्यामुळे पडून राहिली आणि सुमारे १९६० साली ती न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवून टाकली, असे ती कार्डे रचणारा साय बर्गर सांगत असे. त्यांतच मिकी मँटलचे कार्ड होते. त्याची एक उत्तम प्रत २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरांना गेली. संग्राहकाच्या पेटीतील वस्तूला चढलेला प्रत्येक डॉलर कोठेतरी केरात गेलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या प्रतींचा हिशेब असतो. गियानाच्या तिकिटाविषयी एक आख्यायिका प्रचलित आहे : दुसरी प्रत घेऊन आलेल्या माणसाकडून ती विकत घेऊन आर्थर हाइंड ह्या धनाढ्य मालकाने तेथल्या तेथे जाळून टाकली. तिला पुरावा नाही. पण ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ह्याचा अर्थ इतकाच, की दुसऱ्याकडे तीच वस्तू नसणे ही आपल्या आनंदाची अट आहे, हे संग्राहकांना स्वतःलाही ठाऊक आहे आणि ते त्यांना टोचतेही.

प्रमाद, नकार आणि नाश ह्या तिहींना जोडणारा धागा कोणता? ह्यांपैकी एकही गोष्ट संग्राहकासाठी घडलेली नाही. छापणाऱ्याने घाईत कागद उलटा घातला, वॅग्नरने आपल्या कारणासाठी नाही म्हटले, बर्गरला गुदाम रिकामे करायचे होते. जगात काहीतरी घडले आणि त्याचा ठसा ह्या कागदावर राहिला. म्हणूनच असा कागद साक्षीदार ठरतो. दुर्मिळतेचा खरेपणा संख्येत नसून ह्या साक्षीत आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

४

ह्या प्रतिपादनाची कसोटी अर्थातच उलट उदाहरणांवर लागते. संग्राहक आहे हे एकदा उत्पादकाच्या ध्यानात आले, की काय होते? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकोलस सीबेक ह्या व्यापाऱ्याने मध्य अमेरिकेतील निकाराग्वा, एल साल्व्हादोर, होन्डुरास आदी देशांशी करार केला : तिकिटे मी फुकट छापून देतो, दरवर्षी नवी काढा, आणि उरलेली तसेच पुन्हा छापलेली तिकिटे संग्राहकांना विकण्याचा हक्क मला द्या. कार्डांच्या जगातील तोडीस तोड उदाहरण १९३३ सालचे आहे. गाउडी ह्या च्युइंगगम-कंपनीने २४० कार्डांचा संच जाहीर केला आणि १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेच नाही. मुले ते शोधण्यासाठी पाकिटांमागून पाकिटे घेत राहिली. तक्रारी आल्यावर पुढील वर्षी नॅप लाजवे ह्या निवृत्त खेळाडूचे चित्र घालून तो क्रमांक छापण्यात आला आणि तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवण्यात आला. बोद्रियारने १९६८ च्या आपल्या ग्रंथात संग्रहातील उणी असलेली वस्तूच संग्रहाला चालना देते, असा विचार मांडला. गाउडीच्या विक्रेत्यांना तो पस्तीस वर्षे आधी उमगला होता, आणि त्यांनी तो दहा-बारा वर्षांच्या पोरांवर वापरला.

लाजवेचे ते कार्ड आज अत्यंत दुर्मिळ आणि महाग आहे. येथे माझ्या प्रतिपादनाला एक खरी अडचण येते. फसवणुकीतून जन्मलेली दुर्मिळता जर खोटी, तर त्या कार्डाला मूल्य कशाचे? मला वाटते, उत्तर असे देता येईल : आज ते कार्ड ज्याची साक्ष देते ती गोष्ट म्हणजे ती फसवणूकच होय, आणि तिच्याविरुद्ध काही मुलांनी टाकलेली पत्रे होत. खोटेपणा उघडकीस आला की तोही एक घटना होतो. परंतु १९९०च्या दशकापासून कार्ड-कंपन्या क्रमांक घालून मोजकी, कधी एकमेव कार्डे काढू लागल्या, त्यांना ही सवलत मिळत नाही. तेथे कमी छापणे ह्यापलीकडे काही घडलेलेच नाही. ह्याच सुमारास साध्या कार्डांचे उत्पादन मात्र इतके फुगले होते, की १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील कार्डांचे खोके आज रद्दीच्या मोलाचे आहेत. प्रत्येकाने भविष्यासाठी जपून ठेवले, म्हणून भविष्यात कोणालाच त्याची वाण पडली नाही.

अधिक अवघड उदाहरण राज्यसंस्थेचे आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांचे दिवंगत सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ अमेरिकेने चार सेंटांचे तिकीट काढले. काही पत्र्यांवर पिवळा रंग उलटा छापला गेला. न्यू जर्सीतील एका जवाहिऱ्याला असा एक पत्रा मिळाला आणि त्याने ते जाहीर केले. तेव्हा पोस्टमास्टर जनरल एडवर्ड डे यांनी आदेश दिला, की ही चूक हेतुपुरस्सर पुन्हा छापावी. सुमारे चार कोटी चुकीची तिकिटे छापली गेली आणि एका रात्रीत दुर्मिळता संपली.

ह्या निर्णयाच्या बाजूने बोलता येण्यासारखे पुष्कळ आहे. सार्वजनिक खात्याच्या खिडकीवर कोणी चोवीस डॉलर देऊन हजारो डॉलरांचा धनी व्हावा, आणि त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्याला साधे तिकीट मिळावे, ह्यात न्याय कोठे आहे? डे यांनी सर्वांना तीच वस्तू तेवढ्याच पैशांत दिली. समतेच्या भाषेत ह्याला आक्षेप घेणे कठीण आहे. तरीही संग्राहक संतापले, आणि तो संताप केवळ लोभाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोबीच्या पत्र्यावरील उलटे विमान छापखान्यातील एका क्षणाची खरी खबर देते. डे यांच्या चार कोटी तिकिटांवरील ‘चूक’ ही चूकच नाही. ते चुकीचे सोंग आहे. टपालखात्याने सट्टा थांबवण्यासाठी आपल्याच एका खऱ्या दस्तऐवजाला खोट्यांच्या गर्दीत दिसेनासे केले. दुसऱ्याच्या खऱ्या नाण्याची किंमत पाडण्यासाठी टांकसाळीने स्वतःच खोटी नाणी पाडावीत, असा तो प्रकार होता. न्याय साधण्यासाठी साक्ष बिघडवावी काय, हा प्रश्न तिकिटांपुरता राहत नाही. आणि माझे उत्तर नकारार्थी आहे. सट्ट्याचा बंदोबस्त अन्य मार्गांनी होऊ शकतो, बिघडलेली साक्ष पूर्ववत करता येत नाही.

५

साक्षीचा हा निकष मान्य केला, म्हणजे परिपूर्णतेच्या हव्यासाकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. वॅग्नरच्या कार्डांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रत १९९१ साली ४ लाख ५१ हजार डॉलरांना विकली गेली. घेणाऱ्यांत आइस हॉकीपटू वेन ग्रेट्‌स्की होता. दर्जा ठरवून कार्ड प्लास्टिकच्या बंद पेटीत घालून देणाऱ्या नव्या व्यवस्थेत ह्याच प्रतीला पहिला क्रमांक आणि उच्च दर्जा मिळाला. २०१३ साली, कार्डांच्या व्यापारातील एका बड्या लिलावगृहाच्या माजी प्रमुखाने न्यायालयात कबुली दिली, की ह्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. शंभर वर्षे टिकलेले धारदार कोपरे कात्रीने आणलेले होते.

कापणे हाच येथे दोष मानायचा काय? शेजारचे उदाहरण वेगळेच सांगते. गियानाच्या त्या किरमिजी तिकिटाचेही चारही कोपरे कापलेले आहेत. ते अष्टकोनी आहे. त्यावर टपाल-कारकुनाची आद्याक्षरे आहेत, शिक्का आहे, पाठीवर एकामागून एक मालकांनी केलेल्या खुणा आहेत. दर्जाच्या मोजपट्टीवर ते तळाला जाईल. तरीही २०१४ साली ते सुमारे ९५ लाख डॉलरांना आणि २०२१ साली सुमारे ८३ लाख डॉलरांना विकले गेले. त्याचे कापलेपण सर्वांना दिसते आणि त्याच्या चरित्राचा भाग आहे. वॅग्नरच्या कार्डाचे कापलेपण दडवलेले होते, आणि कापले गेले होते ते नेमके त्याचे चरित्र. झीज हीच कार्डाची एकमेव साक्ष असते, हे वर म्हटले आहे. ती छाटून टाकणे म्हणजे साक्षीदाराला गप्प करणे होय. आश्चर्य इतकेच, की कबुलीनंतरही त्या प्रतीभोवतीचे वलय नाहीसे झाले नाही. तिच्या चरित्रात तेवढे एक प्रकरण वाढले.

ह्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला जेफर्सन बर्डिक उभा आहे. तिकिटांना जशी सूची असते तशी अमेरिकी कार्डांना त्याने दिली. वॅग्नरचे कार्ड ज्या संचातले, त्याला आजही त्यानेच ठरवलेल्या ‘टी २०६’ ह्याच नावाने ओळखतात. संधिवाताने जखडलेल्या ह्या माणसाने आपला तीन लाखांहून अधिक छापील कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला, आणि वर्षानुवर्षे तेथे बसून स्वतः तो वह्यांत लावला. १९६३ च्या आरंभी काम संपले. त्यानंतर काही आठवड्यांतच तो वारला. तीस हजारांहून अधिक बेसबॉल-कार्डे त्यात आहेत, वॅग्नरचेही आहे. आणि ही कार्डे त्याने वह्यांत चिकटवली आहेत. आजच्या बाजाराच्या दृष्टीने त्याने लक्षावधी डॉलरांचे नुकसान केले. परंतु चिकटवलेले कार्ड पुन्हा विक्रीला निघणे कठीण असते. बर्डिकने ती शक्यताच बंद केली, असे त्या वह्यांकडे पाहून म्हणावेसे वाटते. बेन्यामिनच्या संग्राहकाने वस्तूला उपयोगातून सोडवले होते, ह्याने तिला भावातूनही सोडवले.

६

येथवर जे म्हटले ते उरलेल्या वस्तूंविषयी. परंतु साक्षीचा निकष लावला की एक अस्वस्थ करणारी बाब समोर येते, आणि तिच्यापुढे दोन्ही छंद सारखेच हतबल आहेत. जॉश गिब्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्याच्या काळातील सर्वश्रेष्ठ फलंदाजांपैकी एक होता. वर्णभेदामुळे त्याला मुख्य स्पर्धांची दारे बंद होती. जॅकी रॉबिन्सनने १९४७ साली तो अडसर मोडला, त्याच वर्षी काही महिने आधी गिब्सन वारला. तो खेळत असताना अमेरिकेतील मोठ्या च्युइंगगम-कंपन्यांच्या संचांत त्याचे कार्ड निघाले नाही. २००० सालच्या वीस तिकिटांच्या त्या पत्र्यावर मात्र वॅग्नर आहे आणि गिब्सनही आहे. पुढे २०२४ साली बेसबॉलच्या अधिकृत नोंदींत कृष्णवर्णीयांच्या स्पर्धांची आकडेवारी समाविष्ट झाली, आणि कारकिर्दीच्या फलंदाजी-सरासरीत गिब्सन सर्वांच्या वर गेला.

वॅग्नरचे कार्ड दुर्मिळ आहे, गिब्सनचे नाही. म्हणजे ते विपुल आहे असे नव्हे. त्या संचांत ते कधी अस्तित्वातच आले नाही. दुर्मिळतेला किंमत असते, अभावाला नसते. ज्याला नकार देण्याची संधी होती, त्याच्या नकाराचा भाव ७२ लाखांवर गेला. ज्याला विचारलेच गेले नाही, त्याच्या अनुपस्थितीसाठी सूचीत क्रमांकही नाही. गाउडीने निदान १०६ हा आकडा मोकळा ठेवला होता.

साहित्याच्या अभ्यासकाला हा तिढा अपरिचित नाही. आपणही उरलेल्या प्रतींवरून परंपरा रचतो, पाठभेदांना जपतो, एकमेव हस्तलिखितापुढे नतमस्तक होतो, आणि जे कधी लिहून घेतलेच गेले नाही त्याच्यासाठी आपल्या सूचीत रकाना नसतो. खऱ्या दुर्मिळतेचे खोटीपासून रक्षण करणे हे संग्राहकाचे कर्तव्य आहे, इतके ह्या विवेचनावरून सिद्ध होते. उरलेले अर्धे कर्तव्य म्हणजे आपली सूची कोणाच्या हातांनी, कोणाला वगळून तयार झाली हे तिच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवणे. तिकिटांच्या आणि कार्डांच्या सूचींत असे पान सहसा नसते. वाङ्मयेतिहासांतही ते फारसे आढळत नाही.